अमेरिकेतील शाळकरी मुलांचा घटनेचा अभ्यास



अमेरिकेतील हायस्कुलात शासन आणि राजकारण हा विषय कसा शिकतात, यासंबंधी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत. कोणी म्हणेल, आपल्या मुलांना अमेरिकेच्या कारभाराशी काय कर्तव्य? परंतु बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि आपली संसदीय पद्धत यांतील फरक विशद केला. आपल्या घटनेच्या कलम १४ मधील 'कायद्याचे समान संरक्षण' ही कल्पना अमेरिकेच्या १८६८ सालच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतही आहे. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

अमेरिकेत शिक्षण हे मुख्यतः राज्यांच्या हाती असल्यामुळे देशभर एकच पाठ्यपुस्तक नाही. मात्र बऱ्याच राज्यांत हा विषय शिकल्यावाचून हायस्कूल पूर्ण होत नाही, आणि तो बहुधा बारावीत शिकवतात. १९७१ पासून तेथे मतदानाचे वय १८ आहे. म्हणजे काही मुले वर्गात बसलेली असतानाच मतदार होतात. 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाचा जो वरच्या पातळीचा अभ्यासक्रम आहे, त्यात नऊ मूळ दस्तऐवज वाचावे लागतात. त्यांत १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आहे, १७८७ ची राज्यघटना आहे. आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्रही आहे. घटनाकारांच्या शेजारी एका कैद्याला बसविले, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते.

दस्तऐवजांबरोबर सर्वोच्च न्यायालयाचे निवडक खटलेही अभ्यासाला असतात. त्यांपैकी १९५४ चा 'ब्राऊन' खटला आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा. १८९६ साली त्याच न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांची वेगळी व्यवस्था वैध ठरविली होती. कागदावर समता होती आणि शाळेच्या दारात भेद होता. ब्राऊन प्रकरणात वेगवेगळ्या भागांतील खटले एकत्र आले होते आणि त्यांतील एक व्हर्जिनिया राज्यातील शाळकरी मुलांच्या संपातून निघाला होता.

तेथील फार्मव्हिल गावी काळ्या मुलांच्या मोटन हायस्कुलात जागा अपुरी होती. डांबरी कागद लावलेल्या शेडमध्ये वर्ग भरत. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या मुलीने शाळेत संप घडवून आणला. मुलांची मागणी चांगल्या इमारतीची होती. त्यांच्या मदतीला आलेल्या वकिलांनी सांगितले की केवळ इमारतीसाठी नव्हे, वेगळ्या शाळांची पद्धतच मोडण्यासाठी लढणार असाल, तर आम्ही खटला चालवू. मुले आणि त्यांचे पालक तयार झाले.

येथे आम्हाला १९२७ चे महाड आठवते. चवदार तळ्यावर आपण केवळ पाणी पिण्यासाठी गेलो नव्हतो, समतेचा हक्क प्रस्थापित करण्यासाठी गेलो होतो. सोय मागणे वेगळे आणि हक्क मागणे वेगळे. सोय देणारा ती उद्या काढून घेऊ शकतो.

निकाल लागला म्हणून लढा संपला असे मात्र झाले नाही. एकत्र शाळा चालविण्यापेक्षा त्या परगण्याने १९५९ साली सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळी मुले बहुतांशी शाळेवाचून राहिली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा हस्तक्षेप करावा लागला, तेव्हा त्या शाळा उघडल्या. पाच वर्षांत किती मुलांचे शिकण्याचे वय निघून गेले असेल, याचा विचार करा.

विद्यार्थी मित्रांनो, नागरिकशास्त्र हा आपल्याकडे थोड्या गुणांचा विषय समजला जातो. परीक्षेच्या आदल्या रात्री कलमांचे आकडे पाठ करायचे आणि पेपर झाला की विसरायचे. हे आपल्याला परवडणारे नाही. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, हे वाक्य पाठ असून भागत नाही. ते कलम मोडले तर तक्रार कोठे करायची, कोणता कायदा लागू होतो, न्यायालय काय पाहते, हे ज्याला माहीत आहे त्याच्याच हातात ते कलम जिवंत राहते.

म्हणून आमची संस्थेला सूचना आहे की वाचनालयात दर महिन्याला एक कलम आणि एक खटला घेऊन बसावे. दाद कोणी मागितली, त्याचे काय हिरावले होते, न्यायालय काय म्हणाले आणि पुढे त्याच्या गावात काय बदलले, हे चार प्रश्न मुलांनीच विचारावेत व मुलांनीच उत्तरे शोधावीत. वडीलधाऱ्यांनी ऐकायला बसावे. बाबासाहेबांनी घटना आपल्या हाती दिली आहे. ती वाचण्याचे काम आपले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!