वेदनेचे कुलूप आणि अफूची किल्ली

(नवी मुंबईतील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संस्था २००२ पासून कर्करोगावरील संशोधन आणि उपचारांचे कार्य करीत आहे. कर्करोग हाडांत उतरला की वेदना असह्य होतात आणि डॉक्टर मॉर्फिन लिहून देतात. चिठ्ठीवरचे ते नाव वाचताच नातेवाइकांच्या मनात दोन शंका येतात. आता शेवट जवळ आला का? आणि बाबांना व्यसन तर लागणार नाही? मग गोळ्या कपाटात राहतात आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो. हे कोणा एका घरी नव्हे, चांगल्या सुशिक्षित घरांतही घडते.

वस्तुतः अफू आपल्याला नवी नाही. शार्ङ्गधर संहितेत 'अहिफेन' या नावाने तिचा उल्लेख आहे. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या बाळाला अफूची गोळी देऊन निजवीत, तो काळही फार जुना नाही. परंतु एका झाडाच्या चिकाला माणसाच्या मेंदूत प्रवेश कसा मिळतो, याचा उलगडा १९७३ मध्ये झाला. अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अफूजन्य द्रव्यांचे 'ग्राही', म्हणजे जणू कुलपेच, दाखवून दिली. पाठोपाठ १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीन येथे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतःच घडवीत असलेली किल्ली शोधली. तिला एन्केफॅलिन म्हणतात. अफू ही त्या मूळ किल्लीची नक्कल.

यांपैकी महत्त्वाचे कुलूप 'म्यू' ग्राही. मॉर्फिन त्याला जाऊन चिकटले की मज्जारज्जूतील चेतातंतूत कॅल्शियम शिरण्याची वाट आखडते, संदेशवाहक रसायने कमी स्रवतात आणि वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत क्षीण होऊन पोहोचतो. मात्र हेच ग्राही इतरत्रही आहेत. श्वसन नियंत्रित करणाऱ्या केंद्रात आहेत, म्हणून मात्रा बेसुमार झाल्यास श्वास थांबतो. आतड्यांत आहेत, म्हणून बद्धकोष्ठ होते. आणि सुखाच्या मार्गावर आहेत. तेथे डोपामाइनला आवर घालणाऱ्या पेशींनाच मॉर्फिन गप्प करते आणि डोपामाइन उसळते. व्यसनाची सुरुवात येथे होते.

ब्राऊन शुगरचा धूर काही क्षणांत मेंदू गाठतो. ती लाट मेंदूला कायमची लक्षात राहते. ठरलेल्या वेळी पोटात घेतलेली गोळी हळूहळू चढते, तिथे तशी लाट येत नाही. दीर्घकाळ औषध चालले की पेशी त्याला सरावतात; ते एकाएकी बंद केल्यास घाम, जुलाब, अस्वस्थता सुरू होते. याला शारीरिक अवलंबन म्हणावे, व्यसन नव्हे. व्यसनी माणूस हानी दिसत असूनही त्याच पदार्थामागे धावतो आणि घरापासून दूर जातो. वेदना शमलेला रुग्ण उठून बसतो, दोन घास जेवतो, नातवंडांशी बोलतो.

याचा अर्थ धोका नाही असा मुळीच नव्हे. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कंपन्यांनी पाठदुखीसारख्या दीर्घ दुखण्यांसाठीही ही औषधे भरमसाट खपविली आणि व्यसनाची साथ पसरली. आपल्याकडे ट्रामाडॉलचा गैरवापर वाढल्यावर २०१८ मध्ये ते अमली पदार्थ कायद्याखाली आणावे लागले.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, परदेशी जाते. पण १९८५ च्या कायद्याच्या कडक अटींमुळे देशातील मॉर्फिनचा औषधी वापर पुढील १२ वर्षांत सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. अफू पिकविणाऱ्या देशातील रुग्ण कण्हत राहिले! २०१४ च्या दुरुस्तीने अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाचा एकच परवाना पुरेसा ठरविला. तरीही घरातील कपाट उघडायचे कुटुंबालाच असते.

म्हणून मॉर्फिन सुरू झाल्यास मात्रा स्वतःहून वाढवू नये, एकदम थांबवूही नये. आतड्यांतील ग्राही औषधाला फारसे सरावत नाहीत. त्यामुळे सोबत दिलेले रेचक वगळू नये. रुग्ण फार गुंगीत असेल वा श्वास मंदावला असेल तर तत्काळ रुग्णालय गाठावे. गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि उरलेल्यांचे काय करायचे ते डॉक्टरांनाच विचारावे.