आपत्काली लोकसंघटनांचे स्थान : किल्लारीचा अनुभव

(पंच, पंचायत सचिव, तलाठी आणि प्राथमिक शिक्षक यांच्या एका प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा पाठ)



आपत्तीच्या काळात शासन आणि लोकसंघटना यांचे नाते कसे असावे, या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर बोलताना मोठे शब्द आपोआप तोंडी येतात. 'लोकसहभाग' हा असाच एक शब्द होय. तो प्रत्येक परिपत्रकात असतो, आणि त्याचा अर्थ विचारला तर प्रत्येकजण निराळा सांगतो. यास्तव आज मी मुख्यतः एकाच घटनेविषयी बोलणार आहे. घटना आपल्या शेजारच्या राज्यातील आहे. आपल्या गोव्यात भूकंपाचे भय तितकेसे नाही हे खरे. परंतु भिंत भूकंपाने पडो की पुराने, त्यानंतर कचेरी आणि घर यांच्यामध्ये जे अंतर पडते ते सर्वत्र सारखेच असते.

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असताना लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर, किल्लारीच्या परिसरात, भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ अशी मोजण्यात आली. जगातील मोठ्या भूकंपांत त्याची गणना होत नाही. तरीही सुमारे आठ ते दहा हजार माणसे दगावली, आणि त्याचे कारण त्यांच्या घरांत होते. भिंती दोन-अडीच फूट, कोठे त्याहूनही जाड. आतून-बाहेरून दगडाचे दोन थर, मध्ये माती व कपच्यांची भर, आणि दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारा दगड बहुधा नाहीच. वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. उन्हाळ्यात घर गार राहावे आणि पावसाचे पाणी झिरपू नये म्हणून वर्षानुवर्षे त्यावर माती चढत गेली होती. जे छप्पर ऊन-पावसापासून रक्षण करण्यासाठी जड केले, तेच निजलेल्या माणसांवर आले.

पहिल्या काही दिवसांचे वर्णन मी लांबवीत नाही. तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी घटनास्थळी पोहोचले. लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी यांच्यावर जिल्ह्यातील कामाचा भार होता. लष्कर आले, डॉक्टर आले आणि त्यांच्या पाठोपाठ पाऊसही आला. सर्व बाजूंनी मदतीचा ओघ लोटला. त्यातील कितीतरी मदत मोलाची होती. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथा यांनी सुमारे बाराशे मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची वर्षानुवर्षे व्यवस्था केली, हे उदाहरण सर्वश्रुत आहे. परंतु त्याच रस्त्यांवर पाहायला आलेल्यांच्या गाड्यांची गर्दी होती, आणि कोणी मागितलेच नव्हते अशा जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडले होते. चांगली इच्छा आणि चांगले काम यांत अंतर असते. ते अंतर कोणी ओलांडले आणि कसे, हे पाहण्यासाठी पहिल्या आठवड्याकडे पाहून भागत नाही. पुढील पाच वर्षांकडे पाहावे लागते.

महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्याचे दोन प्रमुख भाग होते, आणि त्या दोन भागांतील फरकातच आजच्या विषयाचे मर्म आहे असे मला वाटते.

पहिला भाग अतिशय हानी झालेल्या ५२ गावांचा. ही गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवावयाची होती. हा निर्णय फार लवकर, लोक अद्याप शोकात आणि भयात असतानाच झाला. जुन्या जागेवर पुन्हा राहायला नको, आणि दगड तर डोळ्यांसमोर नको, असे लोकही त्या वेळी म्हणत होते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अनेक संस्थांनी आणि देणगीदारांनी गावे दत्तक घेतली. प्रत्येकाने आपापला वास्तुकार, आपापला ठेकेदार आणि आपापला नकाशा आणला. एके ठिकाणी तर घुमटाकार घरे उभी राहिली. ज्याची शेती अधिक त्याचे घर मोठे, असे प्रमाण ठरले: भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. घरे पक्की झाली, यात संशय नाही. परंतु जुन्या गावात भाऊबंदांचे वाडे एकमेकांना लागून असत, बोळातून हाक मारली की ऐकू जाई. नवे गाव सरळ रुंद रस्त्यांचे आणि जुन्याच्या कितीतरी पट विस्तारलेले. गुरे कोठे बांधावयाची, कडबा कोठे रचावयाचा, म्हाताऱ्या माणसाने चावडीपर्यंत कसे जावयाचे, हे प्रश्न घरे ताब्यात आल्यानंतर उभे राहिले. दोष एकट्या शासनाचा नव्हे. दत्तक घेणाऱ्या संस्था याही लोकसंघटनाच होत्या. पण त्यांनी लोकांसाठी घरे बांधली, लोकांना विचारून बांधली असे थोडेच म्हणता येते. शासनाऐवजी संस्थेने काम केले म्हणजे त्यात आपोआप लोकांचा आवाज येतो, हा समज तेथे खोटा ठरला.

दुसरा भाग दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा. तो वर्तमानपत्रांत फारसा आला नाही. घरे पडली नव्हती, पण तडकली होती, अशी गावे तेरा जिल्ह्यांत पसरलेली होती आणि घरांची संख्या दोन लाखांच्या घरात होती. येथे ठेकेदार नेमणे शक्यच नव्हते. घरमालकाने शासनाकडून हप्त्याहप्त्याने साहाय्य घ्यावे, अभियंत्याच्या सल्ल्याने स्वतःचे घर स्वतः दुरुस्त करून घ्यावे, अशी योजना होती. योजना शहाणपणाची होती. पण आरंभी ती रेंगाळली. कारण घरमालकाच्या दृष्टीने पाहिले तर लगेच लक्षात येईल. ज्या दगडी भिंतीने शेजारची माणसे मारली, त्याच भिंतीत चार आरपार दगड बसवून आणि वर पट्टी ओतून ती सुरक्षित होते, हे त्याने कोणाच्या भरवशावर मानावे? अभियंता तरुण, परगावचा, अनेक गावांवर नेमलेला. तो सांगून जाई; त्याचे बोलणे लोक ऐकून घेत आणि पैसे मिळाल्यास सिमेंटची एक नवी खोली बांधावी असा विचार करीत. जुने घर तसेच तडकलेले राही.

प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेला येथे शासनाने लोकसहभागाचे काम सोपविले. त्या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांकडे जाऊन त्यांतून स्त्रिया निवडल्या आणि 'संवाद साहाय्यक' या नावाने त्यांची नेमणूक झाली. हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. त्यांनी घरे बांधावयाची नव्हती, पैसे वाटावयाचे नव्हते, पुढारीपणही करावयाचे नव्हते. त्यांचे काम निरोप नेण्याचे आणि निरोप आणण्याचे. साहाय्याचा नियम काय, हप्ता केव्हा मिळतो, बँकेत खाते कसे उघडावयाचे, पहिल्या हप्त्यातून कोणते काम झालेले अभियंत्याला दिसले पाहिजे, हे त्या ओसरीवर बसून सांगत. आणि उलट दिशेने, अमक्या वस्तीत वाळू पोहोचत नाही, तमक्या विधवेचे नाव यादीत नाही, गवंड्याला आरपार दगडाचे काम समजलेले नाही, हे त्या कचेरीत नेऊन सांगत.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, हे तर तलाठ्याचे आणि ग्रामसेवकाचेच काम आहे. आहेच. तलाठ्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. आपत्तीच्या काळात सर्वांत जास्त शिव्या आणि सर्वांत कमी झोप त्याच्याच वाट्याला येते. पण एका तलाठ्याकडे अनेक गावे असतात, आणि त्याच्यासमोर गावातील बाई उंबरठ्याच्या आतूनच बोलते. शिवाय तो ज्यांच्याशी बोलतो ते बहुधा गावातील वजनदार पुरुष. दुरुस्तीचे काम मात्र ज्या घरात चालते त्या घराचा वावर स्त्रीला ठाऊक. चूल कोठे आहे, कोणती भिंत ओल धरते, धान्याची कणगी कोठे ठेवावी लागते, हे ती जाणते. गवंडी सकाळी येतो तेव्हा पुरुष शेतावर गेलेला असतो. काम बरोबर चालले आहे की नाही हे पाहणारी तीच एक. म्हणून संवाद साहाय्यक स्त्रिया असणे ही शोभेची गोष्ट नव्हती, ती कामाची गरज होती.

त्याचबरोबर आणखी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. या स्त्रियांना शासनाने मान्यता दिली होती. अमकी बाई कचेरीत आली तर तिचे ऐकून घ्यावे, हे साहेबाच्या मर्जीवर सोडले नव्हते. माझ्या मते सर्व यशाची किल्ली येथे आहे. आपण संकटकाळी संघटनांना 'सहकार्य करा' असे आवाहन करतो, आणि त्या सहकार्य करावयास आल्या की त्यांना व्हरांड्यात उभे करतो. नेमके काम, नेमका अधिकार आणि कोणाला जाब द्यावयाचा हे ठरविल्याशिवाय केलेले आवाहन म्हणजे पत्ता न लिहिता टाकलेले पत्र होय.

या अनुभवाची दुसरी बाजूही लपवून ठेवणे बरे नव्हे. गावसमित्या नेमल्या की तेथे नेहमीचीच चार माणसे बसतात. वस्तीतले, भूमिहीन, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया मागे राहतात. मजबुतीकरणाच्या पैशातून नवी खोली बांधून जुनी भिंत तशीच ठेवणारे पुष्कळ निघाले. संवाद साहाय्यकांनी हे सर्व दूर केले असे मी म्हणत नाही. आणि एक मर्यादा तर मूलभूत आहे. मृत्यूचा दाखला, वारसाची नोंद, जमिनीचे संपादन, नुकसानभरपाई ही कामे शासनाचीच; कोणतीही संस्था कितीही प्रामाणिक असली तरी ती करू शकत नाही, आणि तिने करूही नयेत. संस्था उद्या गाव सोडून गेली तर तिला जाब कोण विचारणार? शासनाला मात्र निवडणुकीत, विधानसभेत, न्यायालयात जाब द्यावा लागतो. म्हणून संघटना शासनाची जागा घेत नाहीत. शासनाचे कान आणि जीभ लांब करण्याचे काम त्या करतात.

लातूर-उस्मानाबादच्या या स्त्रियांची गोष्ट तेथेच थांबली नाही. दुरुस्तीचा कार्यक्रम संपत आला तसे त्यांचे गट बचतीकडे, पाण्याकडे, आरोग्याकडे वळले. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भीषण भूकंप झाला तेव्हा त्यांच्यातील काही जणी तेथे गेल्या आणि ज्यांची घरे पडली होती अशा स्त्रियांना आपला अनुभव सांगून आल्या. कच्छमध्ये १९९८ च्या चक्रीवादळानंतर स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन 'कच्छ नवनिर्माण अभियान' सुरू केले होते. त्या अभियानाने भूकंपानंतर काही गावांच्या गटामागे एक, अशी 'सेतु' केंद्रे उघडली. शासनाचा ठराव गावाला समजेल अशा भाषेत सांगणे आणि गावाची अडचण शासनाला कळेल अशा रीतीने मांडणे, हेच त्यांचे काम. तेथेही गावे दूर हलविण्याचा आणि संस्थांनी दत्तक घेण्याचा विचार आरंभी पुढे आला होता; बहुसंख्य गावांनी जुनी जागा सोडण्यास नकार दिला, आणि गुजरात शासनाने तो नकार मानून घरमालकाला हप्त्याने साहाय्य देण्याचा मार्ग मुख्य ठरविला. पुढे झालेल्या पाहण्यांत स्वतः बांधून घेतलेल्या घरांविषयी लोक अधिक समाधानी आढळले. लातूरच्या चुकीतून कच्छ शिकला, हे शासनाच्या बाबतीत क्वचितच म्हणता येते. येथे ते म्हणता येते.

आता आपल्या घरी येऊ. २३ जुलै २०२१ रोजी म्हादईला पूर आला आणि सत्तरी, डिचोली, धारबांदोडा या भागांत घरांत पाणी शिरले. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. मातीच्या भिंतींची घरे खचली. त्या दिवशी शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना बाहेर काढले, भजनी मंडळांनी, क्लबांनी आणि महिला मंडळांनी जेवण शिजविले. हे आपण नेहमीच करतो आणि पुढेही करू. माझा प्रश्न पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्याविषयी आहे. पंचनाम्यासाठी तलाठी येतो त्या दिवशी वाड्यावरचा मनुष्य मजुरीला गेलेला असतो. घर एका नावावर, कर दुसऱ्या नावावर, वीज तिसऱ्याच नावावर. जमीन भाटकाराची किंवा कोमुनिदादीची. कोणता कागद कोठे द्यावयाचा हे त्याला कोणीतरी, त्याच्याच वाड्यावरच्या माणसाने, सांगावयास हवे. आणि हा मनुष्य खरोखर तेथे राहत होता हे मामलेदारासमोर सांगणाराही कोणी हवा.

असा मनुष्य प्रत्येक वाड्यावर असतो. कोठे ती अंगणवाडीताई असते, कोठे स्वयंसाहाय्य गटाची प्रमुख, कोठे निवृत्त शिक्षक. फरक इतकाच की पाऊस येण्यापूर्वी कचेरीला त्याचे नाव ठाऊक नसते, आणि पाऊस आल्यावर विचारावयास वेळ नसतो.

दुपारच्या सत्रात प्रत्येक पंचायतीला एक तक्ता देण्यात येईल. त्यात डाव्या बाजूस वाड्यांची नावे आहेत. उजवीकडे त्या वाड्यावरील एका व्यक्तीचे नाव लिहावयाचे आहे, आणि शक्य तेथे ती स्त्री असावी. ज्या वाड्यासमोर नाव सुचणार नाही तो रकाना कोरा ठेवावा. केवळ तक्ता पुरा दिसावा म्हणून पंचाच्या भावाचे नाव घालू नये. ते कोरे रकाने मामलेदार कचेरीला भरलेल्या रकान्यांइतकेच, कदाचित अधिक, उपयोगी पडतील, कारण जूनपूर्वी कोठे जावयाचे हे त्यावरून कळेल.