पुन्हा सुरुवात करताय? मग शून्यापासून करू नका

चालता चालता ऐकत असाल तर चालत राहा, लोकलमध्ये उभे असाल तर आधी नीट धरून उभे राहा.

आजचा एपिसोड पहिल्यांदा वजन कमी करायला निघालेल्यांसाठी नाहीये. तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, पाचव्यांदा निघालेल्यांसाठी आहे. ज्यांच्या कपाटावर धूळ खात पडलेले डंबेल्स आहेत, मोबाइलमध्ये कॅलरी मोजायचं ॲप आहे आणि त्यात शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची आहे, त्यांच्यासाठी.

अशा माणसाला सगळ्यात जास्त कोणता शब्द लागतो माहितीये? "परत." ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डब्यातून काकडी काढली की शेजारचा म्हणतो, "काय रे, परत सुरू का?" घरी भात कमी घेतला की आई म्हणते, "झालं, आलं परत याचं डाएटचं खूळ." कुणी वाईट मनाने बोलत नाही. पण त्या एका शब्दामुळे कितीतरी लोक सुरुवातच करत नाहीत. सोमवारवर ढकलतात, मग एक तारखेवर, मग गुढीपाडव्यावर. मीही याच रांगेत आहे. ९२ वरून ७९ किलोवर आलो होतो, आता ८८ आहे. त्यामुळे आज "परत" या शब्दाचा जरा हिशोब करू.

पहिला प्रश्न. उतरलेलं वजन परत का येतं? आपलं ठरलेलं उत्तर म्हणजे मनाचा निर्धार कमी पडला. शरीराचं उत्तर वेगळं आहे.

२०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेल्या ५० जणांना १० आठवडे अगदी कमी कॅलरीचा आहार दिला. वजन उतरलं. मग त्यांच्या रक्तातली भुकेशी संबंधित हार्मोन्स मोजली. भूक वाढवणारं घ्रेलिन वाढलेलं होतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटलेलं होतं. वर्षभराने पुन्हा मोजलं, तरी यातला बराचसा बदल तसाच होता. म्हणजे डाएट संपून वर्ष झालं, तरी शरीर "अजून खा" असं सांगतच होतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या रिॲलिटी शोचं. केविन हॉल या शास्त्रज्ञाच्या टीमने त्यातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं. आणि नुसतं बसून असताना शरीर जेवढ्या कॅलरी जाळतं, त्या त्यांच्या वजनाच्या मानाने अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० ने कमी होत्या. हे टोकाचं उदाहरण आहे, तुमचं-माझं असंच होईल असं नाही. पण दिशा लक्षात घ्या. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला धडपडतं. हजारो वर्षं दुष्काळ बघितलेलं शरीर आहे ते. डाएट आणि दुष्काळ यातला फरक त्याला कळत नाही.

आता वजन कमी करायची इंजेक्शनं आली आहेत, भारतातही मिळतात. त्यांचीही हीच गोष्ट. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं. तिथे कुणी "तुझा निर्धार कमी पडला" म्हणत नाही. मग आपण स्वतःला का म्हणायचं?

दुसरा प्रश्न. वजन परतच येणार असेल तर करायचंच कशाला? हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्याकडे पणाला फक्त जीन्सची साइज लागलेली नाही.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली आला होता. सोबत ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! बाहेरून बारीक, आतून चरबी. आपल्यापैकी अनेकांची घडण अशीच असते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, आणि पोटाचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर, बायकांचा ८० सेंटिमीटर ओलांडला की लक्ष द्या म्हणतात. देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, असा आयसीएमआरच्या पाठबळाने झालेल्या अभ्यासाचा २०२३ चा अंदाज आहे. आमच्या घरी बाबा त्या १० कोटींत आहेत. माझा एचबीए१सी ५.९ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. वय २८.

आता यातली आशेची गोष्ट. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमने अशाच उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांना घेऊन मोठी चाचणी केली, निष्कर्ष २००६ मध्ये आले. ज्यांना फक्त आहार आणि चालण्या-फिरण्यात बदल करायला लावले, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांनी कमी झालं. आणि त्यांच्या वजनात फारसा फरक पडलाच नव्हता! पुन्हा ऐका. काटा जवळपास तिथेच होता, तरी फायदा झाला.

म्हणून मी म्हणतो, पुन्हा सुरुवात करणारा शून्यावर नसतो. मागच्या वेळी जे महिने चालला, नीट जेवला, ते वाया गेलेले नसतात. आधी कमावलेली ताकद दुसऱ्यांदा लवकर परत येते, हे व्यायाम करणारा कुणीही सांगेल. शिवाय आपल्याला कुठल्या वेळी भूक लागते, कोणत्या आठवड्यात गाडी घसरते, ही सगळी माहिती हातात असते. पहिल्यांदा निघालेल्याकडे ती नसते.

मग या माहितीचं करायचं काय? मी चार गोष्टी सांगतो.

एक. प्लॅन आपल्या सगळ्यात वाईट आठवड्यासाठी बनवा. आपण प्लॅन करतो तो रविवारी दुपारी, पोट भरलेलं असताना. पहाटे पाचला उठणार, सॅलड करणार, जिमला जाणार. आणि मग रिलीजचा आठवडा येतो, रात्री साडेअकराला कॉल असतो, आणि प्लॅन मोडतो. त्याऐवजी असं विचारा, त्या रिलीजच्या आठवड्यातही मला काय जमेल? जेवणानंतर दहा मिनिटं चालणं जमेल? बास, तोच पाया. जेवणानंतर चालल्याने रक्तातली साखर कमी उसळते, म्हणजे दहा मिनिटंही कामाची आहेत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. दोन वेळच्या जेवणानंतर दहा-दहा मिनिटं म्हणजे आठवड्याला १४० होतात. जरा भरभर चाललात तर १५० च्या अगदी जवळ पोहोचता, तेही जिमची पायरी न चढता. आणि १०,००० पावलांचं दडपण घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं यंत्र विकताना लोकप्रिय झाला. यंत्राच्या नावाचा अर्थच दहा हजार पावलं मोजणारं.

दोन. ताटातून काढण्याआधी ताटात घाला. आपल्या ताटात बहुतेक वेळा प्रथिनं कमी पडतात. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला रोज ५८ ग्रॅमच्या आसपास. आता मोजा. ३० ग्रॅम कोरड्या डाळीचं वरण म्हणजे साधारण ६-७ ग्रॅम. पण आपलं वरण किती पातळ असतं तुम्हाला माहितीये! दोन अंडी १२ ग्रॅम. ३० ग्रॅम सोया चंक्सची भाजी १५ ग्रॅमच्या आसपास. मटकीची उसळ, पिठलं, ताक, मूठभर शेंगदाणे, मासे, चिकन. यातलं काहीही परदेशी नाही, महागही फारसं नाही. नाश्त्याला पोहेच हवेत? खा की. बरोबर दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर उसळ घ्या आणि पोहे अर्धी प्लेट घ्या. अकराच्या वड्यापावाची हाक आपोआप बारीक होते.

कमी करायचंच असेल तर न दिसणारं कमी करा. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी. फोडणीत दोनऐवजी एक टाकला तर भाजीला कळतही नाही. आणि चहा! दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन छोटे चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम झाली. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चहा सोडू नका, साखर अर्ध्यावर आणा. दोन आठवड्यांत जिभेला सवय होते.

तीन. जिथे सोडलं होतं तिथून व्यायाम सुरू करू नका. पुन्हा सुरुवात करणाऱ्याचा खरा धोका इथे आहे. डोक्याला आठवत असतं की आपण ६० किलो उचलायचो, एका दमात सिंहगड चढायचो. स्नायू लवकर परत येतात, पण सांधे आणि स्नायूबंध त्यांच्या मागे राहतात. पहिल्याच रविवारी सिंहगड, आणि सोमवारपासून गुडघ्याला शेक. त्यामुळे जुन्या वजनाच्या निम्म्यापासून सुरुवात. दहा बैठका, भिंतीला टेकून जोर, चार-पाच सूर्यनमस्कार. फारच सोपं वाटलं पाहिजे. पहिले तीन आठवडे "एवढंच?" असं वाटत असेल तर बरोबर चाललंय.

चार. काट्याची भाषा समजून घ्या. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले की आपण खूश, आणि लग्नातल्या जेवणानंतर दीड किलो वाढले की सगळं संपलं! दोन्हीत मुख्यतः पाणी असतं. शरीरातल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. एका जेवणात एवढ्या जादा खाणं जवळपास अशक्य आहे, तुम्ही कितीही जिलब्या खाल्ल्यात तरी. म्हणून रोजचा आकडा सोडा, आठवड्याची सरासरी बघा. महिन्यातून एकदा टेपने पोटाचा घेर मोजा. आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासा. माझ्यासाठी खरा स्कोअर तो ५.९ आहे, ८८ नाही.

आता दिवस चुकला तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? मधला आकडा ६६ दिवस. पण कुणाला १८ लागले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे "२१ दिवसांत सवय" वगैरे विसरा. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही, असंही त्यात दिसलं. एक दिवस गेला तर गेला. त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उपास करू नका, दुप्पट पळू नका. नेहमीचं जेवा, नेहमीची दहा मिनिटं चाला.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. मधुमेह, बीपी, थायरॉइडची औषधं चालू असतील, चालताना छातीत दुखत असेल, गरोदर असाल, किंवा खाण्यावरून मनाला फार त्रास होऊन गेला असेल, तर माझं ऐकून काही सुरू करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.

आणि घरच्यांशीही बोला. मी आईला डाएटबद्दल काही सांगितलं नाही. तिला रिपोर्ट दाखवला, ५.९ म्हणजे काय ते सांगितलं आणि म्हटलं, "आई, वरण जरा घट्ट कर, आणि फोडणीला तेल कमी." ती रिपोर्टकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबांनाही घेऊन जात जा रे जेवणानंतर खाली." आता आम्ही दोघं सोसायटीला चकरा मारतो. बाबा माझ्यापेक्षा भरभर चालतात, हे जरा लागतं!

तर मंडळी, पुढचा सोमवार कधी आहे ते बघू नका. आज रात्री जेवण झालं की मोबाइल खिशात टाका आणि दहा मिनिटं खाली जाऊन या. वाटेत कुणी विचारलं, "काय, परत सुरू?" तर हसून सांगा, "हो, परत."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!