परतावा कोणाच्या पैशातून?



लोणी काळभोरच्या पेठेत डेबिट कार्डाने किराणा घेतला की काही बँका थोडी रक्कम परत देतात. या ‘कॅशबॅक’ला आपण बँकेचे औदार्य समजू नये. कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क कापले जाते व त्याचा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेस मिळतो. रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून या शुल्कास मर्यादा घातली : यंत्रावर कार्ड वापरल्यास लहान दुकानदारास ०.४० टक्के, इतरांस ०.९० टक्के. रुपे डेबिट कार्डावर २०२० पासून ते नाही. परतावा शुल्काहून अधिक असेल, तर बँक तो अन्य कमाईतून, ग्राहक ओढण्यासाठी देते.

दुकानदार हे शुल्क मालाच्या किमतीत मिळवू लागला, की रोखीने मीठमिरची घेणारी शेतमजूर स्त्रीही ते भरते. परतावा मात्र कार्डधारकाला!

इंग्लंडमधील रॉचडेलच्या विणकर-कारागिरांनी १८४४ साली सहकारी भांडार काढले. तेथेही खरेदीच्या प्रमाणात नफा परत मिळे. पण हिशेब सभासदांपुढे येई आणि निर्णय त्यांचाच असे. बँकेची सवलत बँकच ठरविते व बंदही करते. मिळणारा परतावा आपण अवश्य घ्यावा. परंतु गावोगावी ग्राहक भांडारे उभारण्याचे काम त्यामुळे संपत नाही.