शकुंतला पुन्हा धावली, तर माल कुणाचा जाईल?

(परळच्या कामगार सभेत संघटनेच्या वतीने केलेले भाषण. गावसभेत वाचून दाखवावे.)



तुम्ही लालबाग-परळची माणसं, आम्ही मेळघाटच्या पायथ्याची. नातं जुनं आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही 189 किलोमीटरची अरुंद रेल्वे गोऱ्या कंपनीने टाकली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे न्यायला. लोक तिला शकुंतला म्हणतात. आज ती बंद आहे. ती सुरू व्हावी, ही मागणी आमचीही आहे. पण नुसतं इंजिन आलं म्हणजे गावात पैसा येतो, असं नाही. हिशोब बघू.

गावातून ट्रक भरला तर माल दोनदा हाताळावा लागतो. इथे चढवला, मुंबईत उतरवला. शकुंतलेने पाठवला तर? गावात ट्रॅक्टरमध्ये, अचलपूरला लहान डब्यात, मूर्तिजापूरला मोठ्या डब्यात, मुंबईत ट्रकमध्ये, मग बाजारात. पाच वेळा हमाली! रेल्वेचं भाडं लांब पल्ल्याला स्वस्त पडतं, पण ती बचत इथेच खलास होते. म्हणून रूळ रुंद झाले पायजेत. म्हणजे मूर्तिजापूरची अदलाबदल तरी वाचेल.

दुसरं, डबा भरला पायजे, आणि परत येताना रिकामा येता कामा नये. एका गावाच्या सीताफळांनी डबा भरत नाही, आणि सीताफळ वाट बघत नाही. बांबू, कापसाच्या गाठी, तूर हा टिकणारा माल. येताना खत, सिमेंट. तुमच्या परळच्या फिनले गिरणीच्या नावाने अचलपूरला नवी गिरणी निघाली होती. 2020च्या टाळेबंदीत तीही थांबली. म्हणजे रुळाजवळचं मोठं गिऱ्हाईकही थांबलं.

तिसरी गोष्ट जमिनीची. रुंद रुळाला जास्त जागा लागते, वळणं मोठी होतात. जागा कुणाची जाणार? आणि रेल्वे आलीच नाही, तर स्टेशनांच्या जागेचं काय? 1982च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या आणि जमिनी महागल्या. कुणाचं भलं झालं, ते तुम्हाला आम्ही काय सांगणार!

म्हणून आमचं म्हणणं असं:

1. रूळ रुंद करून मुख्य मार्गाला जोडा.
2. स्टेशनजवळ गोदाम द्या, आणि ते ग्रामसभांच्या ताब्यात असू द्या. नाहीतर रेल्वे सरकारची, माल आमचा आणि भाव व्यापाऱ्याचा, असं होईल.
3. वनहक्क कायदा 2006चा आहे. वनजमिनीला हात लावण्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्या.
4. बंद स्टेशनची जागा विकू नका.

आणि गावकऱ्यांनो, तुमचंही एक काम आहे. आपल्या गावातून वर्षाला किती बांबू, किती मोह, किती तेंदू निघतो, ते ग्रामसभेत मोजून वहीत लिहा. शेजारच्या गावांचे आकडे जोडा. अधिकारी मोजणीला येईल तेव्हा आपली वही आधी उघडलेली असली पायजे.

जिंदाबाद!