आठ पौंडांची गिटार



कामाचे तास कमी करा, आठवड्याची सुटी पाळा, ही मागणी घेऊन आम्ही बोलणी करायला बसलो की समोरून एक प्रश्न हमखास येतो: मोकळा वेळ मिळाला तर तुमची माणसे त्याचे करणार काय? विचारणाऱ्याने उत्तर मनाशी ठरवलेलेच असते. पत्ते कुटतील, नाहीतर गुत्त्यावर जातील. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्याला सव्वाशेवर वर्षे लोटली, प्रश्न मात्र तरुणच आहे. म्हणून आज आम्ही एका गिटारीची हकिगत सांगणार आहोत.

लंडनच्या पश्चिमेला फेल्टम नावाचे उपनगर आहे. तेथे हॅरल्ड मे हे गृहस्थ राहत. सरकारच्या विमान खात्यात आराखडे काढण्याची त्यांची नोकरी. त्यांचा मुलगा ब्रायन १९६३ साली सोळा वर्षांचा होता आणि त्याला विजेची गिटार हवी होती. दुकानात अमेरिकन फेंडर कंपनीची मिळे, पण तिची किंमत नोकरदाराच्या घराला झेपणारी नव्हती. तेव्हा बापलेकांनी ठरवले की आपणच करू.

विजेच्या गिटारीचे मर्म तसे साधे आहे. पोलादी तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. वरची तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात क्षीण प्रवाह उमटतो. फॅरडेने १८३१ साली दाखवलेले तत्त्व ते हेच. फॅरडे हा लोहाराचा मुलगा आणि पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार, हे शाळा लवकर सुटलेल्या आमच्यासारख्याला सांगितल्यावाचून राहवत नाही.

थंडीच्या देशात भिंतीतच विस्तव पेटवण्याची जागा असते. अशा एका जुन्या जागेभोवतीची महोगनीची चौकट मोडीत निघाली होती. तिच्यातून गिटारीची मान कोरली. लाकडाला कीड लागून भोके पडली होती, ती आगकाडीच्या काड्या ठोकून बुजवली. धडाला जुन्या टेबलाचे ओक लाकूड लावले. पट्टीवर बोटांच्या खुणेसाठी जे पांढरे ठिपके लागतात, ते आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांचे केले.

खरी मेख होती ती सूर हेलकावणाऱ्या दांड्यात. दांडा दाबला की साऱ्या तारा एकदम सैल पडतात, सोडला की पुन्हा ताणतात. पण त्या नेमक्या मूळ सुरावर परतल्या पाहिजेत. जिथे घासते तिथे चुकते, हे कोणताही फिटर सांगेल. बापलेकांनी तो सांधा सुरीच्या धारेसारख्या पोलादी कडेवर तोलला, तारांच्या ओढीविरुद्ध १९२८ सालच्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा बसवल्या आणि प्रत्येक तार एकेका चिमुकल्या रुळावरून नेली. दांडा सायकलच्या खोगिराची पिशवी अडकवण्याच्या सळईचा, आणि त्याचे टोक आईच्या विणायच्या सुईचे! चुंबकाची वेटोळीही प्रथम घरीच गुंडाळली. पण तार आडवी ओढली की त्यांतून नको तो आवाज निघे, म्हणून तेवढी तीन विकत आणली. एकंदर खर्च सुमारे ८ पौंड.

कोणी म्हणेल, हौसेला मोल नसते. असते, आणि ते तासांत मोजतात. हॅरल्ड संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या हातांत जोर आणि डोळ्यांत उजेड शिल्लक असे; घरात कानस चालवायला एक खोली होती. बारा तासांची पाळी करून एका खोलीत सहा जणांत जो झोपतो, त्याच्या बोटांत हेच कसब असले तरी त्याचे पोर गिटारीवाचूनच वाढणार. दिवसाचे आराखडे खात्याचे होते, संध्याकाळचे हॅरल्डचे स्वतःचे. माणसाचे सगळेच हुन्नर मालकाने विकत घेतलेले नसते, एवढे तरी बोलणी करताना दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावे.

पुढे १९७० साली ‘क्वीन’ हा वाद्यवृंद निघाला. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बलसारा, पारशी कुटुंबातला आणि आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. त्याच्या शेजारी ब्रायन हीच गिटार वाजवी. २००२ साली राणीच्या राजवाड्याच्या छपरावर उभे राहून त्याने इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजवले तेही हिच्यावरच.

पण हॅरल्डना हे रुचले नव्हते. मुलाने खगोलशास्त्राचे संशोधन अर्धवट टाकून गाण्याबजावण्याच्या मागे लागावे, यावरून बापलेकांत बराच काळ अबोला होता. आम्ही येथे बापाच्या बाजूने आहोत. ज्याने महिन्याच्या पगारावर घर चालवले, त्याला वाद्य करून देणे निराळे आणि त्या वाद्यावर पोराचे पोट सोपवणे निराळे. पुढे ब्रायनने आईवडिलांना न्यूयॉर्कला नेले. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो माणसांपुढे ती घरची गिटार वाजताना ऐकली, तेव्हा कोठे म्हातारा निवळला.

अर्धवट राहिलेला प्रबंध ब्रायनने २००७ साली पुरा केला. हॅरल्ड १९८८ सालीच वारले होते.