शिबंदीचे अरब आणि आखातातली आपली मुले
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात आम्ही अरबस्तान आणि इराण हा विषय घेऊन उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटले असेल. पण आपले खजिनदार जो हिशेब मांडतात, त्यातले खजिना, हिशेब, खर्च, रक्कम, तारीख हे सगळे शब्द त्याच बाजूचे. फडणीस, चिटणीस, पोतनीस यांतला 'नीस' म्हणजे फारसीतला नवीस, लिहिणारा. पारसनीस तर फारसी पत्रव्यवहार सांभाळणारेच. ही आडनावे लावणारी मंडळी समोर बसलेली आहेत, तेव्हा विषय परका नाही.

तिकडची बातमी लागली की आपण 'ते लोक असेच' म्हणून मोकळे होतो, आणि त्या 'ते लोकां'त अरब आणि इराणी दोघांना एकत्र बांधतो. इराणी अरब नव्हेत. त्यांची फारसी आपल्या मराठीच्याच भाषाकुळातली, अरबीचे कूळ निराळे. बहुतेक अरब देशांत सुन्नी बहुसंख्य, तर इराण मुख्यतः शिया. एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मी बातमी उलगडते.

या भाषाभेदाशी आपल्या शहराचा एक माणूस जोडलेला आहे. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, १८९४ मध्ये बडोद्यात जन्मले आणि बडोदा कॉलेजात शिकले. त्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला, उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, गझल मराठीत रुजवली. आणि याच माणसाने पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून मराठीतले फारसी-अरबी शब्द दूर करण्याची बाजू मांडली! गंमत अशी की त्याच दशकात, १९३५ मध्ये, रेझा शहाच्या तेहरानात अकादमी स्थापन झाली, ती फारसीतून अरबी शब्द काढायला. आपण ज्यांचे शब्द काढत होतो, ते स्वतः दुसऱ्यांचे काढत होते. दोन्हीकडे बरेच शब्द चिवटपणे राहिले, आणि आम्हाला त्याचे वाईट वाटत नाही.

आता अरबांकडे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गायकवाडांच्या पदरी अरब शिबंदी होती. शहराचे दरवाजे त्यांच्या हाती. पण ते नुसते पहारेकरी नव्हते. त्यांचे जमादार सावकारांच्या कर्जाला आणि दरबारच्या कौलकरारांना जामीन राहत. याला बहांदरी म्हणत. दरबाराने शब्द मोडला तर जमादार हत्यार घेऊन उभा राहील, हा सावकाराचा भरवसा. राज्याच्या शब्दाला परक्या शिपायाचा जामीन लागावा, यावरून कारभाराची दशा कळते. पगार थकला, शिबंदी अडून बसली. दिवाण रावजी आप्पाजींनी मुंबईहून कंपनीची मदत आणली, मेजर वॉकर आले, आणि डिसेंबर १८०२ मध्ये शहराला वेढा पडला. थकबाकी चुकती होईल या बोलीवर अरबांनी शहर सोडले. त्यांच्या बहांदऱ्या मात्र कंपनीने स्वतःकडे घेतल्या, आणि त्या वाटेने रेसिडेंट राज्याच्या कारभारात शिरला तो कायमचा. जामीन बदलला, जामिनाची गरज गेली नाही.

साठ वर्षांनी चित्र पालटले होते. खंडेराव महाराजांनी १८६५च्या सुमारास मोत्यांचा गालिचा करवला, मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी, असे सांगतात. एका मराठा हिंदू राजाने! त्यात पंधरा लाखांच्या आसपास बारीक मोती आहेत. त्यांना आपण बसऱ्याचे मोती म्हणतो, पण ते निघत कतार-बहारीनच्या किनाऱ्यांलगत. महाराज १८७० मध्ये वारले आणि गालिचा मदिनेला गेलाच नाही. १९०२-०३च्या दिल्लीच्या प्रदर्शनात तो मांडला होता. पुढे तो देशाबाहेर गेला, आणि २००९ मध्ये दोहा येथे त्याचा लिलाव होऊन सुमारे ५५ लाख डॉलर किंमत आली. आज तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दरम्यान जपानी कल्चर मोत्यांनी आणि जागतिक मंदीने तिथला मोत्यांचा धंदा बसवला होता, पाणबुड्यांची घरे उपाशी पडली होती. मग तेल आले, वायू आला. आपल्या राजाला मोती पुरवणाऱ्या किनाऱ्याने राजाचा गालिचाच घरी नेला.

१९४७ पर्यंत आखातातला ब्रिटिश कारभार हिंदुस्थान सरकारमार्फत चाले. तिथे रुपया चाले, १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या, आणि कतार-दुबईने १९६६ मध्ये रुपया सोडला. आता आपली मुले रियाल-दिरहॅममध्ये पगार घेतात.

तिथेही सगळे हलते आहे. सौदी बायका २०१८ पासून गाडी चालवतात. इराणमध्ये २०२२ मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर मुली रस्त्यावर उतरल्या. सौदी आणि इराण यांनी २०२३ मध्ये बीजिंगमध्ये हात मिळवले. आपण अमेरिकेच्या निर्बंधांमुळे २०१९ मध्ये इराणचे तेल थांबवले, आणि २०२४ मध्ये चाबहार बंदरासाठी दहा वर्षांचा करार केला. कोयलीच्या रिफायनरीत काम केलेल्यांना यातली तेलाची बाजू आमच्याहून चांगली कळते.

पण घरात विचारला जातो तो प्रश्न वेगळा. मुलाला मस्कतची ऑफर आली आहे, पाठवावे का? इथे ती बहांदरी आठवावी. आखातातल्या परदेशी नोकराचा 'कफील' असतो. शब्दाचा अर्थच जामीन. पूर्वी अरब जमादार आपल्याकडे जामीन राहत, आता तिकडचा मालक आपल्या मुलाचा जामीन असतो. वर्षानुवर्षे त्याच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नसे. कतारने २०२० मध्ये ती अट काढली, सौदीने २०२१ मध्ये सैल केली, पण घरकाम करणाऱ्या बायकांना सौदीच्या सवलतीतून वगळले. कायदा बदलला तरी मालकाची सवय हळू बदलते. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे बहुतेक आखाती देशांत बेकायदा आहे, तरी ठेवून घेतात. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परतले. ज्यांच्या हातात कागद नव्हते, त्यांचे हाल जास्त झाले.

आम्ही पाठवू नका असे म्हणत नाही. आमच्यापैकी काहींची मुले तिथे सुखात आहेत, गणपतीही बसवतात. पण करारपत्र अरबीत असेल तर भाषांतर मागून घ्यावे, एजंटाचा परवाना पाहावा, पासपोर्टाची एक प्रत बडोद्याच्या घरी ठेवावी. आखातात वीस-वीस वर्षे काढून आलेले काका आणि मावश्या आपल्याच मंडळात आहेत. विसर्जनानंतरच्या रविवारपासून, सकाळी दहा ते बारा, ते मंडळाच्या कार्यालयात बसणार आहेत. करारपत्र घेऊन या, सही करण्यापूर्वी.